वणव्यातून चाळीस पायली झिनी काढल्याची कैफियत

श्री डोंगरदेवाचे पायी मस्तक ठेवून आणि ओटीवर बसलेल्या तमाम मंडळींस हात जोडून, करंजपाड्याचा रहिवासी गोजर, उमर सत्तरीचे अलीकडे की पलीकडे हे ज्याचे त्यासही ठाऊक नाही, ऐसी कैफियत वाचतो की, पुढे जे लिहिले आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. न बसो. मोबाइलात जे जे दिसते त्यावर बेलाशक विश्वास ठेवणारी ही मंडळी, शेजारचा म्हातारा डोळ्यांनी पाहिलेले सांगू लागला की मात्र एकमेकांस कोपर मारतात. सांप्रत आषाढमास आहे, भातलावणीच्या आवणीतून दुपारचे सुटलेले लोक चिखलाचे पाय घेऊन बसले आहेत, चुलीवर चहा चढला आहे, आणि ज्या घरावर प्रसंग गुदरला त्याच घराची ही ओटी आहे. तेव्हा ज्यास शंका असेल त्याने ती चहा होईपर्यंत गिळून ठेवावी.

तरी मुलखाची हकीकत ऐसीजे. मुरबाड तालुक्यात माळशेजचे घाटवाटेवर वैशाखरे गाव आहे, आणि त्याचे वरचे अंगास डोंगराचे पायथ्याशी करंजपाडा नामे एकवीस उंबऱ्यांची राजधानी आहे. पाठीशी डोंगर, डोंगरावर गवत, आणि त्या गवतात दर साल फाल्गुन-चैत्रमासी कोणी ना कोणी विडीचे थोटूक टाकून वणव्यास आवतण देतो. टाकणारा कोण हे आजवर एकाही साली उमगले नाही, काय निमित्त की, एकवीसही घरचे पुरुष विडी ओढीतच नाहीत, ऐसे ते खोकत खोकत शपथेवर सांगतात.

या राजधानीचे शेवटले घर, डोंगरास अगदी पाठ लावून, मातोश्री बाईजाबाईसाहेबांचे. घर साधे, परंतु आतले खोलीत दौलत मोठी. ती दौलत म्हणजे एक बांबूची कणगी, पुरुषभर उंच, आतून-बाहेरून शेणाने सारवलेली, आणि तिचे तळाशी झिनी भाताचे बियाणे, चाळीस पायली. बाईजाबाई सून होऊन आल्या तेव्हा सासूने किल्ल्यांचा जुडगा हाती दिला नाही, कारण घरात कुलूपच नव्हते. या कणगीपाशी नेऊन उभे केले आणि सांगितले की हे खायचे नाही, विकायचे नाही, दर साली पेरायचे आणि दर साली पुन्हा इथेच भरायचे. त्यास पन्नासाहून अधिक वर्षे लोटली. मधल्या काळात बाकीच्या वीस घरांनी दुकानच्या पिशवीतले बी आणून आपापली जुनी भाते मोडली आणि आता त्यांची नावेही विसरले. झिनी राहिली ती या एका कणगीत. ती गेली तर मुलखात दुसरीकडून आणू म्हटले तरी मिळणार नाही, ऐसा मामला.

आता बाईजाबाईंचे चिरंजीव राजश्री सुनिलराव. हे शहापुराकडे एका गोदामाचे दारी सिक्युरिटी सुपरवायझर या हुद्द्यावर आहेत. हुद्दा थोर. हाताखाली फौज म्हणाल तर एक कुत्रे, तेही गोदामाचे नव्हे, रस्त्यावरचे. गत माघमासी गोदामवाल्यांनी त्यांस एक दिवसाचे आपत्तीच्या शिक्षणास पाठविले. तेथे मांडव, खुर्च्या, पुलाव, आणि शहरातून आलेला एक चष्मेवाला उस्ताद. त्याने पडद्यावर चित्रे दाखविली. चित्रांत कोठला तरी परदेशचा मुलूख, डोंगर धडधडून जळत आहेत, आणि लोक आपापल्या मोटारींत सामान भरून, घरामागील पोहण्याचे तळे मागे टाकून, रांगेने रडत रडत निघाले आहेत. ते पाहून सुनिलरावांचे अंतःकरण हेलावले. आग तर आमच्याही डोंगरास लागते, मग आम्हीच काय म्हणून धोतर सावरीत वेडेवाकडे पळावे, आपणही एकदा ऐसेच शिस्तीत निघावे, हा मनोरथ तेथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर जन्मास आला. सायंकाळी उस्तादाने एक नारिंगी टोपी, एक शिट्टी आणि प्लास्टिकात बंद केलेली एक यादी ऐसी खिलत दिली, ती घेऊन सुनिलराव मोटारसायकलवर स्वार जाहले, सापगाव ओलांडले, मजल दरमजल करीत घरी दाखल जाहले, आणि त्या दिवसापासून त्या घरात कोणी सुखाने दोन घास जेवले नाही.

दुसरेच दिवशी ओटीवर दरबार भरवून फर्मान काढिले की, आजपासून हे घर निघण्याचे तयारीत राहील. दारामागे एक मोठी पाठपिशवी टांगली आणि यादीबरहुकूम तीत सरंजाम भरला. आधारकार्डांच्या झेरॉक्स, बिस्किटे, दोऱ्या, बॅटरी, कंगवा आणि मेणबत्त्या बारा. त्यावर सुनिलरावांच्या पत्नी शीतलबाईसाहेब यांनी भाकरी थापता थापता अर्ज गुदरला.

“अवो, आगीतून पळायचं तर मेणबत्ती कशाला?”

“यादीत हाय.”

“आग कमी पडली तर लावायची काय?”

सुनिलरावांनी मेणबत्त्या पिशवीत आणखी खोल सारल्या. मग पुढे यादीत पाळीव मांजराचा पिंजरा निघाला, तो करंजपाड्यात कोठून आणावा, म्हणोन कोंबड्या झाकावयाची बांबूची डाल जप्त करून मांजराचे नावे केली. मांजर तीत दिवसभर झोपू लागले आणि कोंबड्या उंबऱ्यावर चढून घाण करू लागल्या. पुढे कलम निघाले की वाहनाचे तोंड सदैव रस्त्याकडे आणि टाकी सदैव भरलेली असावी. तेव्हा सुनिलराव रोज कामावरून येऊन मोटारसायकल अंगणात चार वेळा मागेपुढे करून तिचे तोंड पश्चिमेस करीत, आणि घरचे लोक ते काम पुरे होईतो ताटावर हात आखडून बसून राहत. रावांच्या कन्या रविनाबाई, ज्या मुरबाडास कॉलेजात जातात, त्यांस कागदपत्रांच्या दरकदार नेमिले. त्यांनी नेमणूक स्वीकारली आणि त्याच कागदांवर मेहंदीची नक्षी काढण्याचा सराव केला.

परंतु सर्वांत भारी फर्मान गोण्यांचे. घरात तागाच्या रिकाम्या गोण्या बावीस होत्या, गतसालचे भात खाली होऊन घडी करून ठेवलेल्या. यादीत लिहिले होते की वाळूची पोती तयार ठेवावीत. वाळू कोठली, सुनिलरावांनी बावीसही गोण्यांत खाचरातली माती भरली आणि घराचे मागे डोंगराकडील अंगास एकावर एक रचून तटबंदी केली. वर हुकूम केला की ती सदैव ओली राहिली पाहिजे. चैत्राचे दिवस, विहीर अर्ध्या मैलावर, तीही तळाला गेलेली, आणि घरातील दोन बाया दिवसास बारा हंडे डोईवर आणून मातीस पाजीत होत्या. म्हशीस पाणी कमी पडले तरी चालेल, तट सुकता कामा नये. ऐसा मुत्सद्दीपणा मोठमोठ्या दरबारांत पाहावयास मिळत नाही.

याउपरि दर रविवारी रंगीत तालीम. शिट्टी तीन वेळा वाजली की सर्वांनी घर सोडून खालचे बाजूस शाळेचे पटांगणात जमावे, ऐसी तजवीज. शाळा पाव कोसावर, वाटेत किशोरची चहाची टपरी, ती ओलांडली की शाळेचे फाटक. सुनिलरावांचे हिशेबी सात मिनिटांची मजल. पहिले तालमीस सवा तास लागला. म्हैस अंगणातच बसली. शेळी जी निघाली ती थेट डोंगराकडे, म्हणजे यादीत जेथे आग आहे तेथे. मांजर डालीसकट उचलिले तर तळ नसल्याकारणे मागेच राहिले. रविनाबाई वाटेत मैत्रीण भेटली म्हणोन थांबल्या. आणि खाशा बाईजाबाई घरातून निघाल्याच नाहीत. सुनिलराव टोपी सावरीत आत गेले तो मातोश्री कणगीस पाठ टेकून शेंगा सोलीत बसल्या आहेत.

“आये, तालीम हाय. चल.”

“कणगी कोण उचलणार?”

“कणगी यादीत नाय.”

“मग मी हाय का यादीत?”

सुनिलरावांनी यादी खिशातून काढिली, बोट फिरविले आणि प्रामाणिकपणे सांगितले, “हाय की. घरातील वृद्ध व्यक्ती. सातवा नंबर.”

“मग ती घेऊन जा. मी कणगीपाशी हाय.”

त्यावर सुनिलरावांचे तोंडून ऐसे निघून गेले की बी काय दुकानातही मिळते, माणूस मिळत नाही. बोलणे चुकीचे नव्हते. परंतु ते ऐकोन बाईजाबाई दोन दिवस चिरंजिवांशी बोलल्या नाहीत, आणि भाकरी वाढताना ताटात ठेवण्याऐवजी ताटाशेजारी ठेवू लागल्या. ज्यास ठाऊक आहे त्यास ठाऊक आहे की यापरती सजा या मुलखात नाही.

ऐसे दोन मास गेले. शिट्टी दर रविवारी वाजे. आरंभी पाड्यातील लोक तमाशा पाहावयास येत; नामा नामे एक उंचापुरा रिकामा गृहस्थ मोबाइल उंच धरून चित्रण करी. पुढे तेही कंटाळले. शिट्टी वाजली की बाया म्हणू लागल्या, चला, रविवार लागला, मटणाचे वाटण करू.

तो चैत्र वद्य सप्तमी, रविवार, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, दोन प्रहरी, करंजपाड्यावर खरा गनीम आला. अंगणात बाईजाबाईंनी मोहाची फुले वाळत घातली होती, त्यांवर अगोदर काळी राख पडू लागली, एक एक, हलकी, कावळ्याचे पिसासारखी. मग डोंगराचे खांद्यावर धूर दिसला. मग धुराखाली लाल रेघ दिसली, आणि ती रेघ पाहता पाहता सात ताड उंच जाहली. कोपऱ्यात कोण हसले? सात ताड. कमी सांगितले आहे. वारा डोंगरावरून खाली, गवत कमरेइतके, वाळून कोळ झालेले. गनिमाची बिनी टेकाड उतरली आणि कारवीच्या रानात शिरली, तेथून बाईजाबाईंचे घर म्हणजे खाशी दीड शेतांची वाट.

सुनिलरावांनी आयुष्याचे सार्थक जाहले ऐसा चेहरा करून टोपी चढविली, अंगणात मध्यभागी उभे राहिले आणि शिट्टी फुंकली. तीन वेळा. एकवीस उंबऱ्यांत एकाही माणसाने मान वर केली नाही. पुन्हा तीन वेळा. कोणा घरातून खोबरे भाजल्याचा वास तेवढा आला. दोन मास ज्या शिट्टीने लोकांस वाटण घालावयास शिकविले होते त्या शिट्टीने आज दुसरे काय करावे? सुनिलरावांचे गाल फुगून डोळे बाहेर आले. शेवटी शीतलबाईंनी पितळी परात उचलिली, उलथन्याने बडविली, आणि रस्त्यावर येऊन जो हुकूम सोडला तो तोफेपेक्षा दूर गेला.

“अरे मेल्यांनो, आज खरी लागलीय रे! या बाहेर!”

तेव्हा राजधानी जागी जाहली. बाया धावल्या, बापे धावले, आणि नामा मोबाइल घेऊन धावला.

इकडे सुनिलरावांनी पाठपिशवी चढविली, म्हैस सोडली, शेळी रविनाबाईंचे हवाली केली, मोटारसायकल चालू केली. तोंड रस्त्याकडे होतेच. गणती केली तो सातवा नंबर कमी. आत गेले. मातोश्री कणगीस पाठ लावून बसल्या होत्या, या वेळी शेंगा नव्हत्या, दोन्ही हात कणगीवर.

“आये, ऊठ, पाया पडतो.”

“तू जा. टोपी जळंल तुझी.”

“आये, घर जाईल गो!”

“घर सरकार बांधून देतं. हे कोण देतं सांग, मी उठते.”

येथे सुनिलरावांनी जबाबासाठी यादी चाळली. यादीत तो नव्हता. बाहेर बांबूचे बेट पेटले आणि पेरे फुटून बंदुकीचे बार झाल्याप्रमाणे आवाज येऊ लागले. मग रावांनी पिशवीसकट कणगीस खांदा दिला, शेजारचे चौघे आले, आणि पाच जणांनी कणगी सरकवीत दारापर्यंत आणिली. तेथे ती अडकली. काय निमित्त की, कणगी विणली गेली ती सासूचे सासूचे काळी, घराचे आत बसोन, आणि दार बसविले ते घरकुलाचे योजनेत, लोखंडी, सरकारी मापाचे. कणगी दारातून निघेल ऐसा विचार ना विणणाराने केला होता ना दारवाल्याने. आडवी केली, तिरपी केली, शिव्या दिल्या, कणगी हलेना. तेव्हा शहाण्यांचे मसलतीत ठरले की बियाणे गोण्यांत भरावे.

“गोण्या आणा!” ऐसा पुकारा जाहला.

गोण्या बावीस. बावीसही मातीने भरलेल्या, आणि सकाळीच सहा हंडे पाजून चिंब. माती ओतून काढिली तरी तागाच्या पोटातले पाणी कोठे जाते? ओल्या गोणीत बियाणे घातले की दोन दिवसांत मोड, आणि चैत्रात मोड आलेले भात म्हणजे कोंबड्यांची मेजवानी. हे तेथे उभ्या असलेल्या सर्वांस एकाच क्षणी समजले आणि सर्वांनी सुनिलरावांकडे पाहिले. त्या नजरांपेक्षा डोंगराकडील आग थंड होती, ऐसे तेथे हजर असलेले सांगतात. घरात एक कोरडी गोणी म्हणोन नाही. चाळीस पायली बियाणे, पाठीशी गनीम, आणि भांडे नाही.

सुनिलराव यादी हातात घेऊन उभे. ओठ हलत होते. वाचीत होते की देवाचे नाव घेत होते ते कळले नाही.

“अवो,” शीतलबाई म्हणाल्या, आणि आवाज मोठा नव्हता, “ती पिशवी उलटी करा.”

राव हलेनात.

“उलटी करा म्हनते ना!”

मग सुनिलरावांनी पाठपिशवी खांद्यावरून उतरविली, चेन ओढली आणि दोन मासांचा अवघा सरंजाम भुईवर ओतला. बारा मेणबत्त्या गडगडत चुलीपाशी गेल्या. बिस्किटे शेळीने तेथल्या तेथे दस्त केली. रिकामी पिशवी त्यांनी मातोश्रींपुढे उघडी धरिली आणि मान खाली घातली. बाईजाबाई तेव्हा उठल्या, आणि पदर खोचला.

पुढे जे जाहले ते ऐसे की, कणगी खोल, बियाणे तळाशी, हात पोचेना. रविनाबाई अंगाने बारीक, त्यांस दोघींनी घोट्यांस धरून डोके खाली करून कणगीत उतरविले. बॅटरी धरावयास हात मोकळा नाही, आत कुबट अंधार, तुसाने शिंका. बाईंनी आतून ओरडून काहीतरी रुंद मागितले, तेव्हा सुनिलरावांनी ती प्लास्टिकात बंद केलेली यादीच आत टाकिली. कडक, सपाट, कडेने गोल. भात ओढावयास त्यापरते सूप नाही. दोन मासांत यादीने केलेले हे पहिले काम. आतून यादीभर यादीभर बियाणे वर येऊ लागले, आणि वरती जे मिळेल त्यात भरू लागले. उशांचे अभ्रे, कुकर, दोन हेल्मेटे, साडीचे अस्तर लावलेली मांजराची डाल, बाळंतविड्याची पेटी, नारिंगी टोपी. नामाने चित्रण करता करता जवळ येण्याची चूक केली, तो त्याचा सदरा उतरवून बाह्या बांधून त्यात तीन पायली भरून त्याचे गळ्यात अडकविले आणि रवाना केला. चित्रणात पुढे फक्त आभाळ आहे.

भांडी सरली आणि बियाणे उरले. तेव्हा सुनिलरावांनी दोरीवरची आपली कामावरची निळी पॅन्ट ओढली, दोन्ही पायांस गाठी मारिल्या, त्यात कंबरेपर्यंत भात भरून पट्टा आवळला, आणि ती पॅन्ट मानेवर बसवून, एक पाय डावीकडे, एक पाय उजवीकडे, ऐसे धावत सुटले. दुरून पाहणारास वाटावे की कोणी बिनडोक्याचा सरदार खांद्यावर बसवून सुनिलराव त्याची मिरवणूक काढीत आहेत. रस्त्यावर त्या धावपळीत कोणी हसले नाही. नंतर हसले, आणि अजून हसतात. त्या दिवसापासून पाड्यात रावांस पॅन्टवाले ऐसा किताब आहे.

कणगीचा तळ लागला, शेवटली मूठ बाईजाबाईंनी स्वतः पदरात घेतली, आणि रविनाबाईंस ओढून बाहेर काढिले तो त्यांचे केसांत, कानांत, पापण्यांत भात. तोवर गोठ्याचे छपर गेले होते. गवताची गंजी गेली होती. ज्वाळा मागील भिंतीशी आल्या, आणि भिंत कारवीची, वरून सिमेंटचा गिलावा. गिलावा तडकू लागला. आता सर्वांनी निघावे ऐसे सुनिलराव परत येऊन सांगू लागले. तेव्हा बाईजाबाई, ज्या आजपर्यंत निघत नव्हत्या आणि आता निघावयास मोकळ्या होत्या, त्या घरामागे गेल्या, पदरातली मूठ शीतलबाईंचे ओटीत दिली आणि विळ्याने पहिले गोणीचे पोट फाडिले.

“माती टाका जाळावर! गोण्या घ्या हातात! झोडा!”

मग बावीसही गोण्या फाडल्या. ओली माती भिंतीपासून बांधापर्यंत पसरली, आणि एकेका चिंब गोणीने एकेक माणूस ज्वाळांस झोडपू लागले. बाकीच्यांनी करंजाचे हिरवे डहाळे मोडून घेतले. बाया पुढे, बापे मागे, याचा बखरकाराने विशेष उल्लेख करावा ऐसे बायांचे म्हणणे पडले, सबब केला. एक घटका झोडपीत होते. गनीम दोन वेळा मागे हटला, दोन वेळा परतला, तिसरे वेळी ओल्या मातीपाशी येऊन बसला, धुमसला, आणि शिकस्त खाऊन करवंदीच्या जाळ्यांतून पूर्वेकडे निघून गेला. त्या गोण्या ओल्या नसत्या तर घर राहिले नसते, ऐसे कोणी कोणी आता म्हणतात. म्हणोत. परंतु या विजयाचे श्रेय आम्ही सुनिलरावांस देणार नाही. माणसाने चुकीच्या कारणासाठी योग्य काम केले तर त्यास शाबासकी देण्याची रीत या दप्तरात नाही.

सायंकाळी शाळेचे पटांगणात बाईजाबाईंनी सर्व बियाणे सतरंजीवर एकत्र केले आणि आपल्या हाताने पायलीने मापिले. तमाम करंजपाडा काजळलेल्या तोंडाने भोवती उभा. कोणी खोकले तरी लोक त्याकडे डोळे वटारीत. सदतीस पायली भरले. तीन कमी. बाईजाबाईंनी पायली उलटी करून ठेवली, आणि कोणाकडे पाहिले नाही. त्या तीन पायलींचे रोप म्हणजे वरचे खाचर. ते यंदा मोकळे राहणार, हे न सांगता सर्वांस कळले. तेव्हा दाणे गेले कोठे याचा इन्साफ होऊ लागला, आणि पाड्यातील एका जुन्या, अनुभवी, न्यायी पुरुषाने निळ्या पॅन्टीची डावी शिवण सर्वांस उलगडून दाखविली. ती दोन बोटे उसवली होती. सुनिलराव कामावरची पॅन्ट उलटी करून पुन्हा पुन्हा झटकीत राहिले, तीतून चार दाणे पडले, ते त्यांनी वेचून आईचे पुढ्यात ठेविले.

तो न्यायी पुरुष म्हणजे हाच लिहिणारा गोजर, हे विनयामुळे सांगावयाचे राहिले होते. गोजरांची त्या दिवसाची कामगिरी या दप्तरात नोंदणे अवश्य आहे, कारण दुसरा कोणी नोंदणार नाही. सत्तरीचे वयात त्यांनी आपले उपरणे अंथरिले, त्यात नऊ पायली बियाणे घेऊन चारी टोके बांधोन पाठीवर टाकिले, आणि मागे ज्वाळा, पुढे धूर, माथ्यावर ठिणग्यांचा पाऊस, ऐसे असता एका दमात शाळेचा कोट गाठिला. वाटेत विसावा नाही, पाण्याचा घोट नाही, मागे वळून पाहणे नाही, आणि नऊ पायलींतला एक दाणा भुईस पडला नाही. येणेप्रमाणे घर राखिले, बियाणे राखिले, गनीम नामोहरम केला, आणि उणे राहिले ते कोणाचे पॅन्टीपायी हे मागे लिहिलेच आहे. सबब करंजपाड्याची ही फत्ते पुढील पिढ्यांस ठाऊक असावी म्हणोन शाई वाळण्याचे आत डोंगरदेवाचे साक्षीने—

“गोजरा,” बाईजा चहाचा टोप ओटीवर ठेवीत म्हणाली, “कुठंच नाय टेकलास?”

“नाय गो.”

“सरळ शाळंत?”

“देवाची आण.”

“मग किशोरच्या टपरीमागं, बाकड्याच्या बुडाशी, माझं रोप कसं उगवलंय रे? बुडाला जांभळं. ह्या पाड्यात जांभळ्या बुडाचं भात दुसऱ्या कुनाकडं हाय, सांग मला. दाट उगवलंय, वीतभर, वाफ्यात पेरल्यागत. सकाळीच जाऊन उपटलं. दोन पाट्या भरल्या. हे तुझं वाचून झालं का वरचं खाचर लावायला जायचंय आमाला, आन पहिली मूठ सुनिलच लावनार हाय. माझं घर पेटलं व्हतं तवा तू बाकड्यावर पाय सोडून चा पीत व्हतास, मेल्या, आन नाव माझ्या पोराच्या प्यांटीचं घेतलंस!”